स्मॉलॉर लार्ज

नोव्हाय, मिशिगन
१४ ऑक्टोबर २०२४

ती. वन्सं,

नमस्कार. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि महिनाभर मोबाइलला हात लावायचा नाही असं तुमच्या परीक्षितने फोनवर सांगितलं. तेव्हा म्हटलं, पत्रच लिहावं. जाड मार्करने लिहितेय, ओळीला चार शब्द मावतात, म्हणजे तुम्हाला चष्म्याशिवाय वाचता येईल. लग्नाला अडतीस वर्षं झाली, अकोल्यात आपण एका गल्लीत राहिलो, कधी चिठ्ठी लिहायची वेळ आली नाही. आता दोघींची मुलं अमेरिकेत, तुम्ही हर्नडनला आणि मी इथे, तर हे सुचतंय.

तुमचे बंधू मजेत आहेत. सत्यजितने त्यांना पानं गोळा करायचं मशीन आणून दिलंय, ते दिवसभर अंगण झाडतात आणि शेजाऱ्याचंही झाडून देतात.

माझी बातमी अशी की, मी दर बुधवारी सकाळी लायब्ररीत इंग्रजी शिकवायला जाते. हसू नका. मोठ्या माणसांचा वर्ग आहे, अगदी बिगरीतला. काटा, चमचा, टेबल, खुर्ची. कॅरल नावाची बाई मुख्य आहे, मी आपली मदतीला. माझ्या शेजारी एक थायलंडची बाई बसते, सत्तावन्न वर्षांची. नाव सुचादा. मी दोन आठवडे सुचादा सुचादा करत होते. मग तिने फोनवर एका बाईचं चित्र दाखवलं, बुद्धाला खीर देणारी. म्हणजे सुजाता की हो! अहो, तिच्या भाषेत किती शब्द आपले निघाले. नवऱ्याचा फोटो दाखवून 'सामी' म्हणाली, म्हणजे स्वामी. भाषेला 'फासा' म्हणतात आणि आहाराला 'आहान'. इंग्रजी दोघींना येत नाही म्हणून, म्हणजे तिला येत नाही म्हणून, आम्ही असल्या शब्दांवर तास काढतो.

ती इथल्या एका छोट्या थाय हॉटेलात स्वयंपाक करते. मालक तिचाच चुलत भाऊ. परवा तिने वहीत एक भिंत काढली. भिंतीच्या अलीकडे कढई आणि ती, पलीकडे टेबलं आणि माणसं. मग अकरा बोटं दाखवली, म्हणजे दहा आणि परत एक. अकरा वर्षं ती भिंतीच्या अलीकडे आहे. तिने केलेलं खाताना कुणाचं तोंड तिने आजवर पाहिलेलं नाही. तिला काउंटरवर उभं राहायचंय. भाऊ म्हणतो, फोनवर इंग्रजीत ऑर्डर घेता आली तर मंगळवारी दुपारी काउंटर तुझं. बाकी कशासाठी नाही हो, एवढ्यासाठी ही बाई इंग्रजी शिकतेय. मला तर तिने त्या क्षणी जिंकलं.

डोळ्यात थेंब वेळेवर घाला.

तुमची,
सुहासिनी


हर्नडन, व्हर्जिनिया
२४ ऑक्टोबर २०२४

चि. सुहासिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर मोठं आहे पण 'ऑपरेशन' मधल्या 'रे'ची मात्रा कुठे गेलीय ते तुलाच ठाऊक.

तू इंग्रजी शिकवतेस हे दोनदा वाचलं. मी तेहतीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं, पण तुझ्या तोंडून एक वाक्य कधी ऐकलं नाही. बरं आहे. उशिरा का होईना. आता नीट ऐक. नवशिक्याला सुटे शब्द पाठ करायला लावू नकोस, वाक्यात दे. चूक झाली की लगेच थांबव, नाहीतर चूक जिभेवर बसते. आणि त्या बाईंना दिवाळीला घरी बोलाव. जी भाषा शिकायची ती नुसती वर्गात येत नाही.

मोरूला सांग, शेजाऱ्याचं अंगण झाडायला जाऊ नकोस, हा अमेरिकेत गुन्हाही असू शकतो.

प्रतिमा


नोव्हाय
६ नोव्हेंबर २०२४

ती. वन्सं,

तुमचं ऐकलं आणि पस्तावले.

पाडव्याला सुचादाला फराळाला बोलावलं. कागदावर पत्ता, वेळ, पणतीचं चित्र, सगळं काढून दिलं. आमच्या सूनबाईने, रुचाने, रांगोळी काढली, मी चकल्या केल्या, एकही मऊ पडली नाही. बाई वेळेवर आली. हातात सफरचंदांची पिशवी, अंगावर छान रेशमी कपडे. मी दार उघडलं, दोन्ही हात जोडले, आणि म्हटलं, "या, या." ती उंबऱ्यात थांबली. मला वाटलं लाजतेय. पुन्हा म्हटलं, "या, या, या ना." तर ती एक पाऊल मागे गेली. पिशवी दारात ठेवली, वाकून नमस्कार केला आणि गेली. गाडी सुरू झाली तरी मी तिथेच उभी. आतून हे विचारतायत, कोण आलं होतं? काय सांगू?

वन्सं, मला खरंच लागलं. आमच्या घराचा वास आवडला नाही का? तळण होतं. की तिला वाटलं ही मला शिकवते म्हणून तोरा मिरवतेय? आज बुधवार होता, मी वर्गाला गेले नाही. डोकं दुखतंय सांगितलं.

कागद वाया जाऊ नये म्हणून या वेळी पाठकोऱ्या कागदांवर लिहिलंय, मागचं वाचू नका.

तुमची,
सुहासिनी


हर्नडन
१५ नोव्हेंबर २०२४

चि. सुहासिनी,

पहिल्या भेटीत उंबरा ओलांडायचा नाही असा त्यांच्यात रिवाज असेल. किंवा तू रांगोळीवर पाय पडेल म्हणून डोळे वटारून पाहिलं असशील, तुझी सवय मला माहीत आहे. बुधवारी जा आणि विचार. घरी बसून डोकं दुखण्याने काही कळत नाही.

आता दुसरं. मागचं वाचू नका म्हटलंस म्हणून आधी तेच वाचलं. 'स्वयंपाकघरातल्या वस्तू' ही चाचणी. वर नाव लिहिलंय सुहासिनी. वीसपैकी चौदा. ओगराळ्याचं स्पेलिंग चुकलंय आणि खाली लाल पेनाने 'गुड जॉब' आणि एक हसरं तोंड.

शिकवणारीची चाचणी कोण घेतं गं?

प्रतिमा


नोव्हाय
२ डिसेंबर २०२४

ती. वन्सं,

पकडलंत. मी शिकवत नाही, शिकते. कॅरल शिकवते, आणि मी आणि सुचादा एका बाकावर बसून चमच्याचं स्पेलिंग पाठ करतो. तुमच्यापुढे खरं लिहायला हात धजेना.

का धजेना तेही सांगते, इतकी वर्षं पोटात ठेवलंय. लग्नानंतरचा दुसरा महिना. यांचे मद्रासचे साहेब जेवायला आले होते. त्यांना मराठी येत नव्हतं. मी शिरा वाढायला गेले. 'लाजू नका, पोटभर खा' असं म्हणायचं होतं. डोक्यात जुळवलं आणि म्हटलं, "प्लीज बी शेमलेस, ईट." साहेब बिचारे हसून शिरा घेत राहिले. तुम्ही मात्र हसता हसता खाली बसलात. मग ते प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला सांगितलंत. तुम्हाला आठवतही नसेल. मी त्या दिवसापासून परक्या माणसापुढे इंग्रजीचा एक शब्द काढलेला नाही. सत्यजितच्या शाळेत मास्तरांना भेटायलासुद्धा हेच जायचे. रागावून लिहीत नाहीये, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय.

आता उंबऱ्याचं. बुधवारी वर्गाला गेले. सुचादा माझ्याकडे बघेना, मीही बघेना. शेवटी तिने फोन पुढे केला. त्यात ती थायमध्ये बोलली आणि फोनने इंग्रजीत म्हटलं, ते कॅरलने हळूहळू समजावलं. "तू मला घरी बोलावलंस आणि दारात मला नको, नको का म्हणालीस?" वन्सं, त्यांच्या भाषेत आवाज खाली घेऊन 'या' म्हटलं की त्याचा अर्थ 'नको, करू नकोस'. आणि मी आपली आदराने आवाज खाली घेऊन या, या, या. वर हात जोडून. मी हसले ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तीही हसली. वर्गाने काम सोडून आमच्याकडे बघितलं. मग मी तिला तिथून सरळ घरी घेऊन आले, आणि दारात "कम, कम" म्हटलं. उरलेल्या चकल्या तिने एकटीने संपवल्या.

तिची अडचण एकच आहे. शब्दाच्या शेवटी ल आला की तिच्या तोंडून न निघतो. स्कूलचं स्कून, ॲपलचं ॲपन. स्मॉल तर 'समॉन' होतं. फोनवर तेच तर विचारायचं असतं, स्मॉल की लार्ज. काही युक्ती असेल तर सांगा. खोटं बोलल्याबद्दल चिडला असाल तरी हे सांगा.

सुहासिनी


हर्नडन
२० डिसेंबर २०२४

चि. सुहासिनी,

आठवतंय. शिऱ्याचा वाससुद्धा आठवतोय. मी तो किस्सा सांगायची तेव्हा तू आत निघून जायचीस, हे आत्ता लक्षात आलं. मी चुकले. तू वीस-एकवीस वर्षांची होतीस, आणि मी शिक्षिका होते, मला कळायला हवं होतं. माझ्या वर्गात एखादी मुलगी अशी चुकली असती तर हसणारीला मी बाकावर उभं केलं असतं. तुझी माफी मागते. हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले.

आता माझंही ऐक. इथे माझं इंग्रजी कुणाला कळत नाही. कॉफीच्या दुकानात मी तीनदा सांगितलं, शुद्ध व्याकरणात. त्या पोरीने तीनदा "सॉरी?" म्हटलं आणि दुसरीला बोलावलं. नात आन्या म्हणाली, "ग्रँडमा, लेट मी." तेव्हापासून मी बाहेर तोंड उघडत नाही. चित्रावर बोट ठेवते आणि कॉफी घेते. तेहतीस वर्षांची नोकरी आणि हे. परीक्षितला वाटतं मला कॉफी आवडेनाशी झालीय. तूही कुणाला सांगू नकोस, मोरूला तर मुळीच नको.

ल साठी: आरसा हातात दे. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकव आणि तिथेच धरून ठेव म्हणावं. रोज पन्नास वेळा.

तुझी,
प्रतिमा


नोव्हाय
२८ जानेवारी २०२५

ती. वन्सं,

आधीच सांगते, माफी वगैरे पुन्हा लिहू नका. ते पत्र मी तीनदा वाचलं आणि कपाटात साड्यांखाली ठेवलंय.

आरशाने काही झालं नाही. सुचादाने महिनाभर रोज पन्नास वेळा केलं. हॉटेलात भांडी घासताना पातेल्यात तोंड बघून करायची. जीभ दाताला टेकते, पण आवाज न चाच येतो.

आणि गेल्या आठवड्यात, एकवीस तारखेच्या मंगळवारी, भावाने तिला काउंटरवर उभं केलं. मला तिने नंतर चित्रं काढून सगळं सांगितलं. पहिलाच फोन. माणसाला टोफूच्या नूडल्स हव्या होत्या. हिने विचारलं, "समॉन?" तो म्हणाला, नो सॅमन, टोफू. हिला वाटलं, स्मॉल नको म्हणतोय. म्हणून पुन्हा नीट विचारलं, "समॉन? लार्ज?" तो म्हणाला, मला मासा नको हो, छोटाही नको, मोठाही नको. हिने मोठं टोफू बांधून ठेवलं. दुसऱ्या फोनवरच्या बाईला विचारलं, "समॉन?" तर ती खूश झाली, म्हणाली, वा, आज सॅमन आहे का, मग तेच द्या. त्या हॉटेलात सॅमन मासा कधी शिजलेलाच नाही. भाऊ आतून धावत आला. एका तासात हिची परत कढईपाशी रवानगी. हसू येतं ना? मलाही आलं, पण तिच्यासमोर नाही. ती बुधवारी वर्गात आली आणि वही उघडलीच नाही. भाऊ म्हणालाय, मार्चमध्ये आणखी एक मंगळवार, तो शेवटचा. मग पुन्हा विचारायचं नाही.

मी तिला घरी आणलं. टेबलावर सफरचंदं होती. ती एक उचलून म्हणाली, "फोन." मी तिला माझा फोन दिला. ती मान हलवते, सफरचंद दाखवते, "फोन." तेव्हा कळलं, हा तर आपला 'फल'. त्यांच्याकडे लिहिताना ल आहे, बोलताना न. मग तिने सगळ्या टोपलीकडे हात केला आणि म्हणाली, "फोन्लमाय." झाडाची फळं. मी म्हटलं, थांब, परत म्हण. "फोन्लमाय." वन्सं, ल आला! एकटं असताना 'फोन', पण पुढे शब्द जोडला की ल आपला बाहेर. म्हणजे जीभ शाबूत आहे. फक्त शेवटाला थांबली की अडते.

आणि मला एकदम शाळेतल्या संस्कृतच्या बाई आठवल्या. सूर्य अधिक उदय, सूर्योदय. मी तिला म्हटलं, स्मॉलवर थांबूच नकोस. पुढच्या 'ऑर'ला चिकटव. संधी कर. स्मॉल अधिक ऑर, स्मॉलॉर. कागदावर तोडून दाखवलं: स्मॉ, लॉर, लार्ज. ल आता शेवटी नाहीच, पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला आहे, आणि सुरुवातीचा ल तिला कधीच जड नव्हता.

तिने पहिल्यांदा म्हटलं, "स्मॉलॉर लार्ज." दुसऱ्यांदा म्हटलं. मग स्वयंपाकघरात फिरत फिरत वीसदा म्हटलं. हे बाहेरून आले तर त्यांनाही विचारलं, "स्मॉलॉर लार्ज?" हे म्हणाले, काय? मी म्हटलं, चहा. म्हणाले, लार्ज.

तुमच्या पुस्तकात ही युक्ती आहे का हो?

तुमची,
सुहासिनी


हर्नडन
१० फेब्रुवारी २०२५

चि. सुहासिनी,

पुस्तकात आहे. इंग्रज लोक बोलताना हेच करतात, शब्द एकमेकांना चिकटवतात. मी ते धड्यात शिकवलंय, परीक्षेत विचारलंय, आणि स्वतः मात्र जन्मभर एकेक शब्द सुटा, इस्त्री करून बोलत आले. परवा कॉफीच्या दुकानात गेले, बोट खिशात ठेवलं आणि संधी करून बोलले. पोरीने एकदाच "सॉरी?" म्हटलं. एकदा म्हणजे दोनने कमी.

तू शिकवतेस असं पहिल्या पत्रात लिहिलं होतंस. ते खोटं नव्हतं असं आता धर.

सुचादाचा मार्चमधला मंगळवार कोणता ते कळव, आणि हॉटेलचा फोन नंबर पाठव. का ते विचारू नकोस.

प्रतिमा


नोव्हाय
११ मार्च २०२५, मंगळवार, संध्याकाळ

ती. वन्सं,

आत्ताच परतले. बूटसुद्धा काढले नाहीत, असंच लिहायला बसलेय.

साडेअकराला मी हॉटेलात जाऊन खिडकीजवळच्या टेबलाशी बसले. सुचादा काउंटरमागे, केस आवरलेले, शर्ट इतक्या कडक इस्त्रीचा की हात वर करताना आवाज होत होता. भाऊ आतल्या दारात हाताची घडी घालून. फोन वाजला. तिने उचलला, काय ते ऐकलं, आणि म्हणाली, "स्मॉलॉर लार्ज?" एकदाच. मग मान हलवत लिहिलं, वाचून दाखवलं, फोन ठेवला. चिठ्ठी हातात घेऊन ती माझ्याकडे आली. त्यावर लिहिलं होतं: भाजीचा फ्राइड राइस, स्मॉल, पतिमा. बोटाने फोनकडे दाखवत म्हणाली, "पतिमा," आणि बुद्धाच्या मूर्तीसारखी मांडी घालून बसल्याचं केलं. त्यांच्याकडेही प्रतिमा म्हणजे मूर्तीच हो. तुमचं नाव तिला स्पेलिंग न विचारता कळलं. आणि तुमचं इंग्रजी पहिल्या फटक्यात कळलं, एकही सॉरी नाही. हर्नडनच्या त्या पोरीला कळवा.

तो राइस मी खाल्ला, तुमच्या नावाने. छान होता.

त्यानंतर चार फोन आले. एकात थोडी गडबड झाली, पण सॅमन कुणाच्या तोंडी आला नाही. भाऊ हळूच आत निघून गेला. जाताना त्याने काउंटरमागचं उंच स्टूल ओढून तिच्याजवळ ठेवलं, म्हणजे बस. ते मी पाहिलं.

खरी गोष्ट त्यापुढची आहे. साडेबाराला एक माणूस आला. गोरा, उंच, कारखान्यातले जाड बूट. ऑर्डर देऊन मधल्या टेबलाशी बसला, काउंटरकडे पाठ करून. नूडल्स आल्या, खायला लागला. आणि सुचादा काउंटर सोडून बाहेर आली, त्याच्या बाजूला चार हातांवर उभी राहिली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. हलेना. त्याने एक घास खाल्ला, वर बघितलं. दुसरा खाल्ला, वर बघितलं. मग काटा खाली ठेवला, तिला काही विचारलं. तिला सांगायचं होतं, पण त्यासाठी लागणारे शब्द अजून आमच्या वर्गात आले नव्हते. त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "समथिंग राँग?"

मी आजूबाजूला बघितलं. हे नव्हते, रुचा नव्हती, सत्यजित नव्हता. शेजारच्या टेबलाशी आणखी दोन माणसं बसली होती. तेवढ्यात सुचादाने माझ्याकडे बघितलं, आणि मग मी जुळवत बसले नाही. म्हणाले, "शी कुक. इलेव्हन इयर्स. इन किचन. नेव्हर सी पीपल ईट. टुडे फर्स्ट टाइम. यू."

कुणी हसलं नाही. तो माणूस क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. मग उठला. मला वाटलं, झालं, गिऱ्हाईक घालवलं. पण त्याने खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून पलीकडे मांडली, आणि तिच्याकडे तोंड करून बसला. बशी समोर ओढली आणि पुन्हा खायला सुरुवात केली. हळूहळू, घाई न करता. मधे एकदा मान हलवली, एकदा कपाळाचा घाम पुसला, कारण तिखट होतं, पण पाणी नको म्हणाला. सुचादा आता मागे सरून काउंटरला टेकून उभी होती, दोन्ही हात छातीशी. बशी रिकामी होईपर्यंत तो खात राहिला, आणि शेवटचा घास होईपर्यंत तिने पापणी हलवली नाही.

मग फोन वाजला आणि ती घ्यायला गेली.

तुमची,
सुहासिनी